रहस्यकथेची टर उडवणारा कार्टूनचा जुना भाग कोणता बघावा?

तुम्ही विचारलंय की 'खून कोणी केला' छापाच्या गोष्टींची खिल्ली उडवणारा कार्टूनचा एखादा जुना, गाजलेला भाग सुचवा, पण तो नुसता हसवणारा नको, रहस्य म्हणूनही धड हवा. दुसऱ्या अटीमुळे माझं काम सोपं झालं. स्प्रिंगफील्ड गावातल्या सिम्पसन कुटुंबाची अमेरिकन कार्टून मालिका 'द सिम्पसन्स', तिचा 'हू शॉट मिस्टर बर्न्स?' (बर्न्सला गोळी कोणी घातली?) बघा. दोन भागांचा आहे. पहिला २१ मे १९९५ ला अमेरिकेत लागला, सहाव्या सीझनच्या शेवटी. दुसरा थेट १७ सप्टेंबरला. मधला अख्खा उन्हाळा लोक डोकं खाजवत बसले.

मी तो पुण्यात हॉस्टेलवर पाहिला, मूळ प्रक्षेपणानंतर बऱ्याच वर्षांनी, रूममेटच्या पेन ड्राइव्हवरून. दुसऱ्या भागाची फाइल अर्धवट कॉपी झालेली, उघडेचना. मग काय, आठवडाभर मेसमध्ये वाद आणि पैजा. मी बर्न्सचा सहायक स्मिदर्स याच्यावर पैज लावली आणि सहा जणांना चहा-क्रीमरोल पाजले. का हरलो ते सांगतो, पण त्यासाठी गोळी झाडणाऱ्याचं नाव फोडावं लागणार. तुम्हाला ते नको असेल तर इथेच थांबा, भाग बघून मग परत या.

तर कथा अशी. स्प्रिंगफील्डच्या प्राथमिक शाळेखाली तेल लागतं. अणुऊर्जा प्रकल्पाचा मालक बर्न्स तिरका बोअर मारून ते तेल स्वतःकडे वळवतो. त्यापायी शाळेचा पैसा बुडतो, मो नावाच्या माणसाचा बार बंद पडतो, वृद्धाश्रम खचतो, सिम्पसनांच्या बार्टचा कुत्रा जायबंदी होतो. एवढ्याने म्हाताऱ्याचं पोट भरत नाही. लोकांनी दिवसाही आपलीच वीज जाळावी म्हणून तो सूर्य झाकणारी भलीमोठी तबकडी उभारतो. हे अति होतंय म्हणणाऱ्या स्मिदर्सला, आपल्या सगळ्यात निष्ठावान माणसाला, तो हाकलून देतो. थोडक्यात, गावात प्रत्येकाकडे गोळी घालायला कारण आहे. जुन्या रहस्यकथांमध्ये वाड्यात जमलेल्या आठ पाहुण्यांपैकी प्रत्येकाला म्हाताऱ्याचा काटा काढायचा असतो ना, तेच इथे अख्ख्या गावाच्या मापाने फुगवलंय.

सगळ्यात भारी कारण होमरचं आहे, म्हणजे बार्टच्या बापाचं, बर्न्सच्या प्रकल्पातल्या नोकराचं. इतकी वर्षं नोकरी करूनही बर्न्सला त्याचं नाव आठवत नाही. म्हणून होमर त्याला चॉकलेटचा डबा पाठवतो, तळाशी घरच्यांचा फोटो. चॉकलेटं उचलली जातात तसा एकेक चेहरा उघडा पडतो, आणि शेवटचं, कोणालाच न आवडणारं चॉकलेट नेमकं होमरच्या तोंडावर! बर्न्स ते खातच नाही. आभाराची चिठ्ठी येते ती बायको मार्ज आणि मुलं बार्ट, लिसा, मॅगी यांच्या नावाने. हा विनोद म्हणून आपण हसून सोडून देतो. पण बर्न्सला मॅगीचं नाव माहीत कसं, याचं उत्तर इथेच देऊन ठेवलेलं असतं.

मग गोळी सुटते. बर्न्स झोकांड्या खात चौकात येतो आणि जमिनीवरच्या मोठ्या सूर्यघड्याळावर कोसळतो. हात दोन अक्षरांवर: डब्ल्यू आणि एस. वेलन स्मिदर्स! मी लगेच पैज लावली. पण बर्न्स पडलाय त्या बाजूने पाहिलं तर डब्ल्यू उलटा होतो, म्हणजे एम. एम आणि एस. मॅगी सिम्पसन, घरातलं तान्हं बाळ. पुरावा डोळ्यांसमोर होता, आम्ही पडद्याच्या चुकीच्या बाजूला बसलो होतो.

लेखक बिल ओकली आणि जॉश वाइनस्टीन इथेच मला आवडतात. त्यांनी आधी खरं, प्रामाणिक कोडं रचलं, खुणा पेरल्या, आणि मग त्याच कोड्याच्या तंगड्या ओढल्या. शेवटी लिसा विचारते की तुम्ही त्या अक्षरांकडे बोट का दाखवलंत, तेव्हा बर्न्सला ती कशाबद्दल बोलतेय तेच कळत नाही. तो आपला शेवटची ताकद लावून दातांतलं सोनं गिळत होता, ॲम्ब्युलन्सवाल्यांचा भरवसा नाही म्हणून! म्हणजे खूण खरी, आणि तरी निव्वळ योगायोग.

पहिल्या भागाचा शेवटही असाच. डॉ. हिबर्ट कॅमेऱ्याकडे वळून, आपल्यावर बोट रोखून विचारतात, मला काही हे रहस्य उलगडणार नाही, तुम्हाला जमेल? कॅमेरा मागे सरकतो तर बोट पोलीसप्रमुख विगमकडे. तो म्हणतो, बघतो प्रयत्न करून, शेवटी माझं कामच आहे.

थट्टेचं मूळ 'डॅलस' या अमेरिकन मालिकेत आहे. १९८० च्या मार्चमध्ये तिथे जे. आर. या मुख्य पात्राला गोळी लागली आणि कोणी झाडली ते नोव्हेंबरमध्ये कळलं. पुढे त्याच मालिकेने मेलेलं एक पात्र शॉवरखाली धडधाकट दाखवून एक अख्खा सीझन 'स्वप्न होतं' म्हणून पुसून टाकला होता. म्हणून इथे दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला बर्न्स शॉवरखाली धडधाकट सापडतो, आणि मग तेच स्वप्न निघतं. गुपित फुटू नये म्हणून निर्मात्यांनी वेगवेगळ्या लोकांनी गोळी झाडल्याची खोटी दृश्यंही बनवून ठेवली होती. स्मिदर्सने झाडल्याचा शेवट त्याच डिसेंबरात एका खास भागात दाखवला. माझ्या पैजेच्या दृष्टीने त्याला काही अर्थ नाही, हे रूममेटने ठणकावून सांगितलं.

याहून जुनं हवं असेल तर अमेरिकन कार्टूनकार टेक्स एव्हरीचं १९४३ चं 'हू किल्ड हू?' आहे, काही मिनिटांचंच. सुरुवातीला हाडामांसाचा माणूस येऊन गुन्हा पचत नाही म्हणून प्रवचन देतो, शेवटी मुखवटा ओढल्यावर खुनी तोच निघतो. धमाल आहे, पण तिथे कोडं सोडवायला काही नाही, नुसती आतषबाजी. तुमची दुसरी अट तिथे बसत नाही.

आता गोळी सुटली कशी? इंग्रजीत अगदी सोप्या कामाला बाळाच्या हातून खाऊ काढून घेण्याइतकं सोपं म्हणतात. सूर्य झाकून खुशीत आलेला बर्न्स ते खरंच करून बघायला जातो. गाडीत एकट्या बसलेल्या मॅगीचा लॉलीपॉप ओढतो, ती सोडत नाही, झटापटीत त्याचंच पिस्तूल तिच्या हातात पडतं. गोळी हिसकवायला गेला आणि गोळी खाऊन आला. हा श्लेष मूळ इंग्रजीत नाही, फक्त आपल्याला मिळतो.

बर्न्स मॅगीला अटक करा म्हणून ओरडतो. विगम हसतो: कुठलेही ज्युरी बाळाला दोषी ठरवणार नाहीत. जरा थांबून म्हणतो, टेक्सासमध्ये कदाचित. मार्ज म्हणते, अपघातच असणार. मॅगीचे डोळे इकडून तिकडे फिरतात आणि चोखणीचा आवाज येतो.