हँड ग्राइंडर जड चालतो आणि कॉफी कडू होते: आधी शून्य तपासा

तुमच्या वर्णनातल्या काही गोष्टी मला महत्त्वाच्या वाटल्या. ग्राइंडर सहा महिने जुना, बर्र (बिया दळणारे आतले दातेरी भाग) स्टीलचे. मध्यंतरी एकदा तो पूर्ण उघडून ब्रशने साफ केला. त्यानंतर त्याच २२व्या क्लिकवर (म्हणजे जाड-बारीकपणाच्या त्याच सेटिंगवर) १५ ग्रॅम बिया दळायला दुप्पट वेळ लागतो, पोअरओव्हरचं (गाळणीतल्या पुडीवर हाताने गरम पाणी ओतून केलेल्या कॉफीचं) पाणी रखडत उतरतं आणि कॉफी कडू लागून जीभ कोरडी पडते. यावर तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: बर्र बोथट झाले का, ते पाण्याने धुतले तर चालेल का, आणि कच्चे तांदूळ दळून ग्राइंडर साफ होईल का.

बोथटपणाची शंका आधी मनातून काढा. रोजचे १५ ग्रॅम धरले तर सहा महिन्यांत जेमतेम पावणेतीन किलो कॉफी दळली गेली. चांगल्या स्टीलचे बर्र एवढ्याने झिजत नाहीत. उलट नवीन बर्रच्या धारेवरचा सूक्ष्म खरखरीतपणा जायला सुरुवातीचं थोडं दळण लागतं आणि दळण एकसारखं यायला लागतं ते त्यानंतरच. धुणं नको, तांदूळ तर मुळीच नको. कारणं पुढे देते. माझा संशय तुमच्या शून्यावर आहे.

ग्राइंडरच्या आत एक दातेरी शंकू फिरतो आणि त्याच्याभोवती एक दातेरी कडी स्थिर असते. या दोघांमधली फट जेवढी, तेवढी पूड बारीक किंवा जाड. क्लिक म्हणजे या फटीचं माप, पण ते माप कुठून मोजायचं? दोन्ही बर्र एकमेकांना टेकतात तिथून. ती जागा म्हणजे शून्य. शून्य माहीत नसेल तर २२ या आकड्याला काहीच अर्थ उरत नाही. दुसऱ्याचा आकडा आपल्याला लागू पडत नाही तोही याच कारणाने. कमांडांटे सी४० या हँड ग्राइंडरमध्ये एका क्लिकला फट साधारण ३० मायक्रॉनने (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बदलते, काही ग्राइंडरमध्ये त्याच्या निम्म्याहून कमी. त्यामुळे 'पोअरओव्हरला इतके क्लिक' अशी यादी दिसली की आधी ती कोणत्या मॉडेलची आहे ते पाहा, आणि मॉडेल तेच असलं तरी तिला फक्त सुरुवातीचा अंदाज माना.

शून्य शोधायची माझी पद्धत अशी. ग्राइंडर पूर्ण रिकामा करून ब्रशने साफ करायचा. दातांत पूड अडकलेली असेल तर बर्र खऱ्या शून्याच्या आधीच घासल्यासारखे वाटतात आणि पुढची सगळी मोजणी चुकते. मग ग्राइंडर आडवा धरायचा, हँडल वरच्या बाजूला न्यायचं आणि सोडून द्यायचं. बेअरिंग चांगलं असेल तर हँडल स्वतःच्या वजनाने खाली पडतं. आता एकेक क्लिक बारीककडे जात प्रत्येक वेळी हेच करायचं. ज्या क्लिकवर हँडल पडायचं थांबतं, ते शून्य. काही जण याच्याही पुढे, हँडल पूर्ण अडकेपर्यंत जातात आणि त्या जागेला शून्य म्हणतात. दोन्हींत काही क्लिकचा फरक असतो. कोणतंही एक धरा, पण कायम तेच धरा. मी पहिलं धरते, कारण त्यात बर्र एकमेकांवर दाबले जात नाहीत. शून्यावर असताना हँडल जोराने गरागरा फिरवू नका. मध्ये कॉफी नसताना स्टीलवर स्टील घासलं की धार जाते.

आता तुमच्याकडे काय झालं असावं ते पाहू. उघडून परत जोडताना अॅडजस्टमेंटचा नट (फट कमी-जास्त करणारा) पूर्वी होता त्याच जागी बसतो असं नाही. ज्या ग्राइंडरच्या डायलवर आकडे छापलेले असतात, त्यात हे हमखास होतं. डायल २२ दाखवतो, पण नट आधीपेक्षा आत बसलेला असतो. काहींमध्ये डायलचा एक पूर्ण फेरा जास्तीचा मोजायचा असतो आणि तोच राहून जातो. फट कमी झाली की दळायला वेळ लागणार, पूड बारीक येणार, पाणी अडणार आणि कॉफीत कडवटपणा उतरणार. तुमची सगळी लक्षणं यात बसतात. म्हणून वर सांगितलं तसं शून्य शोधा, तिथून २२ मोजा आणि दळून पाहा. निम्म्याहून अधिक शक्यता आहे की प्रश्न इथेच सुटेल.

शून्य बरोबर निघालं आणि तरीही ग्राइंडर जड चालत असेल, तर बियांकडे वळा. बिया बदलल्यात का? हलक्या भाजलेल्या बिया टणक असतात, हाताला लगेच कळतं, आणि वेळही जास्त लागतो. त्यात ग्राइंडरचा दोष नाही. गडद भाजलेल्या बिया सहज फुटतात, पण त्यांचं तेल वर आलेलं असतं आणि त्या तेलाला धरून पूड दातांत थर करून बसते. बिया फ्रीजरमध्ये ठेवायला लागला असाल तर तेही सांगा. २०१६ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात असं दिसलं होतं की थंडगार बिया दळल्या की कण अधिक बारीक आणि अधिक एकसारखे पडतात. म्हणजे फ्रीजरमधून थेट ग्राइंडरमध्ये टाकलेल्या बियांना एक-दोन क्लिक जाड लावावे लागू शकतात. एकेका वेळेच्या बिया वेगळ्या बंद डबीत गोठवून लगेच दळल्या तर उत्तम. मोठा डबा पुन्हा पुन्हा उघडलात तर बियांवर दव धरतं आणि ते ग्राइंडरलाही चांगलं नाही.

साफसफाईबद्दल सविस्तर लिहिते, कारण बहुतेक ग्राइंडर खराब होतात ते हयगयीपेक्षा चुकीच्या साफसफाईने.

रोज दळून झालं की ग्राइंडर उलटा करून तळहाताने दोन-चार थापा मारा आणि बर्रवरून ब्रश फिरवा. एवढं पुरतं. आठवड्यातून एकदा हवेच्या रबरी फुग्याने आतली धूळ उडवा. कॅमेऱ्याच्या लेन्ससाठी मिळतो तो फुगा चालतो. तोंडाने फुंकू नका, श्वासात ओलावा असतो. महिन्या-दीड महिन्याने, आणि तेलकट बिया वापरत असाल तर त्याहून लवकर, पूर्ण उघडा. उघडण्यापूर्वी शून्यापासून आपण किती क्लिकवर आहोत ते लिहून ठेवा. नट, डायल, स्प्रिंग, वॉशर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने कापडावर डावीकडून उजवीकडे मांडत जा आणि एक फोटो काढा. स्प्रिंग उलटी बसली किंवा बारकं वॉशर चुकीच्या बाजूला गेलं तर शंकू थोडा तिरका फिरतो. मग एका बाजूला फट जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, आणि पूड जाड-बारीक मिसळून येते. तुमच्या बाबतीत ही दुसरी शक्यता आहे, म्हणून एकदा पुन्हा उघडून क्रम तपासाच. दातांच्या खोबणीत घट्ट बसलेली पूड लाकडी टूथपिकने काढा. धातूची सुई किंवा पिन वापरू नका.

पाणी का नको? स्टीलचे बर्र गंजरोधक असले तरी ते पक्के जिथे बसतात तिथले स्क्रू, आस आणि बेअरिंग तसे असतीलच असं नाही. बेअरिंगमध्ये पाणी शिरलं की ते बाहेर येत नाही, ग्रीस मात्र धुऊन जातं. साबणाचा वास राहतो तो वेगळाच. सिरॅमिक बर्र मात्र, उत्पादकाने परवानगी दिली असेल तर, काढून पाण्याने धुता येतात. जोडण्यापूर्वी ते रात्रभर सुकू द्या आणि हातातून पडू देऊ नका. सिरॅमिक स्टीलहून कठीण असतं, पण ठिसूळही असतं. पडलं की टवका उडतो. पूड जमा होणारा डबा काचेचा किंवा स्टीलचा असेल तर तो खुशाल धुवा. लाकडी बॉडीला फक्त कोरडं कापड.

तांदळाची युक्ती सगळीकडे सांगितली जाते, आणि मला तिचा राग येतो. कच्चा तांदूळ भाजलेल्या बीपेक्षा कितीतरी कठीण असतो. कॉफीची बी भाजल्यावर सच्छिद्र होते आणि तडकते, तांदूळ तसा तडकत नाही. हाताच्या ग्राइंडरमध्ये तो सगळा ताण आसावर आणि बेअरिंगवर येतो. शिवाय पिठूळ भुकटी दातांत राहते आणि ओलावा धरते. ग्राइंडर साफ करण्यासाठी धान्यापासून बनवलेल्या ठिसूळ गोळ्या मिळतात, त्या निदान याच कामासाठी असतात. पण जो ग्राइंडर पाच मिनिटांत हाताने उघडता येतो त्याला त्यांचीही गरज नाही. याच ओघात: त्यात मसाले दळू नका. लवंग-वेलदोड्याचं तेल प्लॅस्टिकच्या भागांत मुरतं आणि महिनोन्‌महिने कॉफीत उतरत राहतं.

तेल किंवा वंगणाचे स्प्रे बर्रजवळ अजिबात नकोत. हँडलच्या टोकाच्या गोल मुठीचा कुरकुर आवाज येत असेल तर तिथे, आणि फक्त तिथे, खाद्य दर्जाच्या मिनरल ऑइलचा एक थेंब पुरे. स्वयंपाकाचं तेल वापरलंत तर ते काही आठवड्यांत खवट आणि चिकट होतं.

दळण्याच्या पद्धतीवरही थोडं. बिया ओतण्यापूर्वी त्यांवर पाण्याचा एक बारीक फवारा मारून चमच्याने हलवा. दळताना कण एकमेकांवर घासून विद्युतभारित होतात. पूड डब्याला चिकटते, गुठळ्या होतात, थोडी आतच अडकून राहते. एवढ्याशा पाण्याने तो भार बराच कमी होतो. घरी कॉफी करणारे ही युक्ती कित्येक वर्षं वापरत आलेत. २०२३ मध्ये ज्वालामुखीच्या राखेतल्या विद्युतभाराचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी ऑरेगन विद्यापीठातल्या कॉफी-संशोधकांबरोबर ती मोजून पाहिली, आणि पाण्यामुळे भार आणि गुठळ्या कमी होतात, एस्प्रेसोही अधिक दाट उतरते असं त्यांना आढळलं. फक्त फवारा म्हणजे फवारा. बिया ओल्याचिंब करू नका.

हँडल एका लयीत फिरवा. घाई करून फायदा नसतो. ग्राइंडर थोडा तिरका धरला तर बिया एकदम न पडता थोड्या थोड्या बर्रमध्ये जातात. हाताला हलकं लागतं आणि अतिबारीक भुकटी कमी पडते. हलक्या भाजलेल्या बियांना याचा फरक चटकन जाणवतो. वेळ थोडा वाढतो, पण मला तो सौदा पटतो. सेटिंग बारीक करायचं असेल तर आत बिया असताना डायल जोराने पिळू नका. ग्राइंडर रिकामा ठेवा, नाहीतर हँडल हळू फिरवत फिरवत क्लिक बदला. दळताना हँडल एकदम थटलं तर समजा खडा आला. बियांत क्वचित बारीक खडे निघतात. तिथे जोर लावू नका. हँडल उलटं फिरवा, सगळं ताटलीत ओता, खडा शोधा. मोटरच्या ग्राइंडरला असा खडा धार घालवूनच कळतो, तुमच्या हाताला तो आधी कळतो. म्हणूनच हँडल काढून ड्रिल मशीन लावायच्या युक्तीला माझा ठाम विरोध आहे. हाताची जाणीवही जाते आणि त्या वेगासाठी बेअरिंगही बनवलेलं नसतं.

शून्य जुळल्यावर चव लावून घ्या. १५ ग्रॅम कॉफीला २४० ग्रॅम पाणी घ्या. पाण्याचं तापमान आणि ओतण्याची पद्धत तीच ठेवा आणि फक्त क्लिक बदला. कडू आणि कोरडी लागली तर दोन क्लिक जाड, आंबट आणि पातळ लागली तर दोन क्लिक बारीक. प्रत्येक वेळी पाणी उतरायला लागलेला वेळ बियांच्या पाकिटावर लिहून ठेवा. पुढच्या वेळी त्याच बिया आणल्यावर हा आकडा कामाला येतो.

हे सगळं करूनही जड चालत असेल तर शेवटची एक तपासणी. ग्राइंडर रिकामा करा, फट भरपूर मोठी करा म्हणजे बर्र एकमेकांपासून दूर जातील, आणि हँडल फिरवा. आता काहीच घासायला नको. तरीही रेती अडकल्यासारखी खरखर जाणवली किंवा हँडल मध्येच थांबलं, तर बेअरिंगमध्ये बारीक पूड गेली आहे. ते घरी उघडून ग्रीस भरण्याच्या फंदात पडू नका. बहुतेक बेअरिंग बंदिस्त असतात आणि ती बदलायचीच असतात. सहा महिन्यांचाच ग्राइंडर आहे, तेव्हा वॉरंटी पाहा आणि हँडल फिरवतानाचा आवाजासह छोटा व्हिडिओ उत्पादकाला पाठवा. खरखर नसेल तर इथे तीन गोष्टी लिहा: शून्यापासून मोजून किती क्लिकवर दळताय, बिया किती भाजलेल्या आहेत, आणि १५ ग्रॅमला किती सेकंद लागतात. त्यावरून पुढचं सांगते.