टीएलडी बॅजवर न उमटणारे धोके

सोलापूर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

अणुइंधन तयार करणाऱ्या कारखान्यात तुझी नेमणूक झाल्याचे कळल्यापासून गल्लीतला प्रत्येक जण तुझ्या आईला किरणोत्साराबद्दल विचारतो आहे. ॲसिडाबद्दल कोणीच विचारत नाही, आणि सूतरंगाईवर पिढ्या जगलेल्या आपल्या सोलापुरात तरी असे व्हायला नको होते.

नैसर्गिक युरेनियमचा किरणोत्सार सौम्य असतो. विरघळलेल्या रूपात ते पोटात किंवा फुप्फुसात गेले तर जड धातू म्हणून आधी मूत्रपिंडाला इजा करते. ते नायट्रिक ॲसिडात विरघळवायचे, ट्रायब्युटिल फॉस्फेट या सेंद्रिय द्रावकाने शुद्ध करायचे, अमोनियाने त्याचा साका पाडायचा आणि हायड्रोजनच्या भट्टीत त्याचे ऑक्साइड करायचे, अशा या कामातला एकही वायू तुझ्या छातीवरचा टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर पडलेला किरणोत्सार मोजणारा बिल्ला, नोंदवणार नाही. ॲसिडाच्या टाकीवर उठणारा तांबूस वायू श्वासात गेला, तर माणूस काही तास अगदी बरा वाटतो आणि रात्री त्याच्या फुप्फुसांत पाणी भरते. म्हणून ‘मला काही झालेले नाही’ असे सांगणाऱ्या सहकाऱ्यालाही डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठेवण्याचा आग्रह धर.

विशीत असताना मी एका रंगखान्यात होतो. पावसाळ्यात छत गळून हायड्रोच्या, म्हणजे रंगाईत लागणाऱ्या सोडियम हायड्रोसल्फाइटच्या, उघड्या ड्रममध्ये पाणी ठिबकले, धूर निघू लागला, आणि मी धावत जाऊन त्यावर बादली रिकामी केली. आग भडकली आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे हात भाजले. ती चूक माझी होती आणि आजही मला ती छळते. इंधनाच्या नळ्या ज्या धातूच्या करतात, त्या झिर्कोनियमचा कीस पेटला असता त्यावर पाणी मारले, तर त्यातून हायड्रोजन सुटतो, हे तुला कोणी सांगण्याची वाट पाहू नकोस.

ज्या कारखान्यांत युरेनियम हेक्साफ्लोराइड, म्हणजे युरेनियम आणि फ्लोरिनचे संयुग, हाताळतात, तिथे तर हवेतला दमटपणाही पुरतो. त्या दोहोंच्या संयोगातून हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू तयार होतो. 4 जानेवारी 1986 रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात गोर येथे प्रमाणाबाहेर भरलेले सिलिंडर जादा माल काढण्यासाठी तापवले गेले आणि फुटले. त्यात जो कामगार दगावला, त्याचा जीव या वायूने घेतला. रशियातील तोम्स्क-7 येथे 6 एप्रिल 1993 रोजी टाकी फुटली, तीही सेंद्रिय द्रावक आणि तीव्र नायट्रिक ॲसिड यांच्या रासायनिक क्रियेने. असे द्रावण आटवणारे बाष्पक 130 अंश सेल्सिअसखाली ठेवण्याची मर्यादा अशाच अनुभवांतून आली आहे. उत्पादन मागे पडले म्हणून ती ओलांडू देऊ नकोस, वरिष्ठ रागावले तरी चालेल.

हायड्रोफ्लोरिक ॲसिड सौम्य असेल, तर कातडीवर पडल्यावर काही तास दुखतही नाही आणि तोवर ते आत शिरत जाते. तुझ्या विभागात ते असेल, तर त्यावर लावायचे कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल कोणत्या कपाटात आहे ते पहिल्याच दिवशी विचार, त्या कपाटाला कुलूप आहे का ते पाहा, आणि ट्यूबवरची मुदत वाचून मला कळव.

तुझा,
काका