कॉलेज नंतर ठरवा, आधी ती पॉलिसी परत करा

निपाणीहून एका निवृत्त हायस्कूल शिक्षकांचे पत्र आहे. मुलीचे बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) इंटर्नशिपसह पूर्ण झाले, आता फिजिओथेरपीतच पुढे शिकायचे आहे. समोर तीन वाटा आहेत. बेळगावात एमपीटी (पदव्युत्तर पदवी), सगळे धरून दोन वर्षांचे ६ लाख. पुण्यात एमपीटी, राहण्या-जेवणासह १२ लाख. आणि कोल्हापूरच्या एका कन्सल्टंटने गळी उतरवत आणलेला अमेरिकेचा ‘ट्रान्झिशनल डीपीटी’ (फिजिओथेरपीतली डॉक्टर पदवी), बहुतेक ऑनलाइन, १४ लाख. ‘पैशाची तशी काळजी नाही,’ असे सर लिहितात. ‘पहिल्या वर्षाचे ३ लाख बचत खात्यात आहेत. दुसऱ्या वर्षासाठी ग्रॅच्युइटीतले ६ लाख बँकेत वर्षभर ठेवले आहेत. १२ लाख इथल्या सौहार्द सहकारी संस्थेत ठेवीत आहेत, पेन्शन ३८ हजार. तर कुठले कॉलेज घ्यावे?’

सोबत बँकेतल्या त्या ‘ठेवी’च्या कागदाचा फोटो जोडलाय, हे फार बरे केलेत.

सर, ती ठेव नाही, आयुर्विमा पॉलिसी आहे. फोटो मोठा करून बघा: हप्ता ६ लाख, वार्षिक. हप्ते भरण्याची मुदत १० वर्षे. पॉलिसीची मुदत २० वर्षे. विमा मुलीच्या नावे, हप्ता भरणारे तुम्ही. वर्षानंतर यातून फी निघणार नाही, उलट पुढच्या वर्षी याच महिन्यात आणखी ६ लाख भरा म्हणून मेसेज येईल. तुमची पेन्शन वर्षाला साडेचार लाख. पेन्शन पुरी घातली तरी हप्त्याला दीड लाख कमी पडतात, आणि घरात चूल पेटवायची ती वेगळीच.

बँकेच्या साहेबांनी ‘शेवटी दुप्पट, गॅरंटीड’ असे सांगितल्याचे तुम्ही लिहिले आहे. मांडून बघू. दहा वर्षांत ६० लाख भरायचे, विसाव्या वर्षाअखेर १ कोटी २० लाख. पहिला हप्ता वीस वर्षे अडकतो, शेवटचा अकरा, म्हणजे सरासरी साडेपंधरा वर्षे. तेवढ्या काळात दुप्पट म्हणजे वर्षाला साडेचार-पावणेपाच टक्के. निपाणीच्या पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजना सध्या ८.२ टक्के देते, व्याज दर तिमाहीला हातात, मुदत पाच वर्षे. पण पोस्टातल्या क्लार्कला तुमच्या सहा लाखांवर कमिशन मिळत नाही, म्हणून तो ‘या सर, बसा सर’ करत नाही.

चिडायला आणखी एक जागा आहे. पॉलिसीच्या शेवटच्या पानांवर तुमच्या सहीच्या अर्जाची प्रत असते. तिथे मुलीचा व्यवसाय आणि वार्षिक उत्पन्न काय भरले आहे ते वाचा. परवापर्यंत इंटर्न असलेल्या मुलीचे उत्पन्न दहा-पंधरा लाख निघाले तर मला नवल वाटणार नाही. ‘कंपनीतून फोन येईल, सगळ्याला हो म्हणा असे साहेब म्हणाले, बाई कन्नडमध्ये भरभर बोलल्या, मी हौदु हौदु म्हणत गेलो,’ असे तुम्ही लिहिता. त्या फोनवर नेमके हेच विचारतात की हप्ता किती वर्षे भरायचा ते समजले का. ते रेकॉर्डिंग तुमच्या सोयीसाठी नसते. पुढे तुम्ही तक्रार केलीत की तेच तुमच्यासमोर वाजवतात.

आता कामाचे. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत, पसंत नाही म्हणून ती परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात, आणि तो तुमचा हक्क आहे. तुम्हाला लखोटा ८ तारखेला मिळाला, म्हणजे पुढच्या महिन्याची ६ तारीख शेवटची धरा. मुलीच्या ई-मेलवर पॉलिसी त्याआधीच आली असेल, तर दिवस तेव्हापासून मोजतील, तेवढे आज रात्रीच तपासा. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि मधल्या दिवसांच्या विम्याचा भाग कापून बाकी सगळे परत येते. मुदत टळली आणि एक हप्ता भरून थांबलात, तर हातात पडेल ती रक्कम सहा लाखांच्या बरीच खाली असेल.

अर्ज बँकेच्या साहेबांकडे देऊ नका. ते चहा पाजतील, ‘सर, मार्चपर्यंत थांबा, मी बघतो’ म्हणतील आणि तीस दिवस तिथेच जिरतील. विमा कंपनीच्या बेळगाव किंवा कोल्हापूर शाखेत स्वतः जा. ‘वर्षाची ठेव सांगून दहा वर्षांच्या हप्त्याची पॉलिसी दिली, फ्री लूकखाली रद्द करावी’ एवढे दोन ओळींत लिहा. मूळ पॉलिसी आणि रद्द केलेला चेक जोडा, आणि पोच म्हणून प्रतीवर तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. तोच मजकूर कंपनीला ई-मेलही करा. टाळाटाळ झाली तर इरडाच्या, म्हणजे विमा नियामकाच्या, बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार, आणि त्यानेही भागले नाही तर बंगळुरूचे विमा लोकपाल. तिथे वकील लागत नाही.

पैसे आले की ३ लाख एका वर्षाच्या मुदत ठेवीत, या वेळी पावतीवर ‘मुदत ठेव’ हे शब्द वाचून. उरलेले ३ पोस्टात.

सौहार्दमधल्या १२ लाखांवर साडेदहा टक्के मिळतात आणि चेअरमन तुमचाच विद्यार्थी आहे. असेल हुशार. पण बँक बुडाली तर ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत विम्याचे कवच असते, सहकारी बँकेतसुद्धा. सौहार्द सहकारी ही कायद्याने बँक नव्हे, तिथल्या ठेवीला ते कवच नाही. जसजशा पावत्या पिकतील तसे काढून पोस्टात न्या. १२ लाखांवर तिमाहीला साधारण साडेचोवीस हजार येतील. सौहार्दपेक्षा वर्षाला २७–२८ हजार कमी. झोपेची किंमत म्हणून मला ती स्वस्त वाटते.

आता कॉलेज. अमेरिकेचा पर्याय आजच काढून टाका. तिकडे फिजिओथेरपिस्टला काम करायला राज्याचा परवाना लागतो. त्यासाठी पदवीची पडताळणी आणि एनपीटीई ही परीक्षा. ट्रान्झिशनल डीपीटी हा मुळात परवाना असलेल्यांनी पदवी वाढवून घेण्याचा अभ्यासक्रम आहे. तो केला म्हणून परवाना मिळत नाही, आणि तिकडची कॅप्टे ही मान्यता देणारी संस्था अशा अभ्यासक्रमांना मान्यता देत नाही. कन्सल्टंटने हे सांगितले का, विचारा.

बेळगाव की पुणे, यात फरक ६ लाखांचा. पुणे हवेच असेल तर हे वरचे ६ लाख मुलीच्या नावे शैक्षणिक कर्ज काढा. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारची पतहमी योजना आहे, त्यात तारण किंवा जामीनदार लागत नाही, तेव्हा घराचे उतारे घेऊन बँकेत जाऊ नका. दहा टक्क्यांनी सात वर्षांचा हप्ता महिना १० हजार, शिकतानाचे व्याज न धरता. तुम्ही मुलीला एमपीटीनंतर ६० हजारांची नोकरी धरली आहे. मी हिशेबाला २५ हजार धरतो. वर मिळाले तर आनंदच. २५ मधून १० गेले तर पुण्यात खोलीभाडे कशातून?

‘सीमावादातल्या ८६५ गावांतले असल्याने महाराष्ट्रात सवलत मिळेल’ असे कोणीतरी म्हणाले, तर त्या वर्षीच्या प्रवेश पुस्तिकेतला नियम त्यांना बोट ठेवून दाखवायला सांगा. अभिमत विद्यापीठात राज्याचा कोटा चालत नाही.

माझा कौल बेळगावला आहे, एका अटीवर. मुलीने तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठून विचारावे: ओपीडीत दिवसाला किती रुग्ण स्वतः हाताळता, आयसीयूत जाऊ देतात का, स्टायपेंड मिळतो की नाही, आणि हवी ती शाखा, न्यूरो किंवा ऑर्थो, खरेच मिळते की उरलेली गळ्यात पडते? स्पोर्ट्सच्या मागे सगळे धावतात, पण निपाणी-चिकोडी पट्ट्यात रुग्ण येणार ते पक्षाघाताचे आणि गुडघे बदललेले. उत्तरे पटली नाहीत तर पुण्याचा विचार करा, पण हे सगळे पॉलिसीचा शिक्का हातात आल्यावर.