काचेचा शोकेस नको, झुडूप बांधा

प्रश्न : काका, आम्ही निपाणीत राहतो. मुलानं पुण्याहून व्हेल्ड कॅमेलिऑन या रंग बदलणाऱ्या परदेशी सरड्याचं चार महिन्यांचं पिल्लू आणलंय. ते रीतसर घेतलंय, सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदही केलीय. आता हॉलमध्ये टीव्हीशेजारी काचेचा मोठा शोकेस करून आत झाडं लावावीत असं घरात ठरतंय. सुताराला माप काय देऊ आणि झाडं कुठली घेऊ?
– एक वाचक भगिनी, निपाणी

उत्तर : ताई, सुताराला अजून आगाऊ दिला नसेल तर बरं झालं. काच नको, टीव्हीशेजारी नको आणि सुतारही नको. फॅब्रिकेटरकडं जा. मी तीस वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत अॅल्युमिनियमच्या खिडक्या केल्या म्हणून जातभाईंची वकिली करतोय असं समजू नका. या पिंजऱ्यात रोज पाणी पडणार. प्लायवूड दुसऱ्या पावसाळ्याला फुगून पापडासारखं सुटतं.

काचेचं कारण वेगळं आहे. काचेत त्याला स्वतःचं प्रतिबिंब दिसतं. हा एकटा राहणारा प्राणी, त्यामुळं समोर दुसरा नर उभा आहे असं समजून दिवसभर फुगून, काळवंडून बसतो. शिवाय काचेत वारा अडतो. हे मी चूक करून शिकलोय. पहिला पिंजरा मी भाचीसाठी केला होता. गॅलरीत पावसाचे शिंतोडे येतात म्हणून तीन बाजूंना अॅक्रिलिकची शीट ठोकली आणि फक्त पुढं जाळी लावली. दिसायला देखणा! आषाढात पानांवर पांढरी बुरशी आली, कुंड्यांना कुबट वास सुटला आणि एका सकाळी जनावर मान वर करून, तोंड उघडं टाकून श्वास घेताना दिसलं. छातीत संसर्ग. डॉक्टरांच्या औषधानं वाचलं, पण त्याच दुपारी मी ड्रिल घेऊन तिन्ही शीटा काढल्या.

हा प्राणी मूळचा येमेनचा आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्येकडच्या डोंगरांचा. तिकडं दिवस कोरडा आणि वारा खेळता, तर रात्री गारवा आणि पहाटे धुकं-दव. म्हणजे ओल रात्री हवी, दिवसा पानं सुकलेली हवीत. आपल्याकडं जून ते सप्टेंबर चोवीस तास ओलच. म्हणून चारी बाजूंनी आणि वरून जाळीच, आणि पावसाळ्यात खोलीत हळू फिरणारा पंखा. थेट पिंजऱ्यावर नको हं. जाळी बारीक भोकाची, तारेची घ्या. नायलॉनची मच्छरजाळी त्याच्या खाण्यासाठी सोडलेले रातकिडे कुरतडून बाहेर येतात आणि मग रात्रभर तुमच्या कपाटामागं गात बसतात.

आता माप. पूर्ण वाढलेल्या नराला दोन बाय दोन बाय चार फूट उंच हे कमीत कमी. तुम्ही मोठाच करताय, तर रुंदी चार, खोली अडीच आणि उंची पाच फूट घ्या. अॅल्युमिनियमचा एक इंची चौकोनी सेक्शन पुरतो. हे सगळं दीड-दोन फुटी स्टँडवर ठेवा, म्हणजे वरची फांदी तुमच्या डोक्याच्याही वर जाईल. वरून येणारी हालचाल म्हणजे त्याच्या लेखी झडप घालणारा पक्षी. आपण खालून दिसलो की तो निवांत. दारं दोन हवीत, खाली झाडलोटीचं लहान आणि वर मोठं. मी एकदा एकच दार केलं आणि मागच्या कुंडीपर्यंत हात पोचेना. शेवटी भाचीचा धाकटा आत शिरला!

तळ म्हणजे माझं खरं दुखणं. लोक खाली पत्र्याचा सपाट ट्रे ठेवतात आणि आठवड्यात डबकं होतं. ट्रेला मागून पुढं इंचभर ढाळ द्या, पुढच्या कोपऱ्यात भोक पाडा, त्याला बेसिनचा वेस्ट पाइप लावा आणि खाली बादली ठेवा. सांध्यांना सिलिकॉन लावून त्याचा वास जाईपर्यंत पिंजरा रिकामा ठेवा. तळाला माती पसरायची नाही. झाडं कुंड्यांतच राहू देत. कुंडीच्या मातीवर मोठे गोटे रचा, म्हणजे किड्यावर मारलेल्या जिभेबरोबर माती पोटात जाणार नाही. आणि स्टँडच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या. आपल्या आज्या दुधा-तुपाच्या कपाटाखाली ठेवायच्या तशाच. मुंग्या एकदा रातकिड्यांच्या वासावर आल्या की सरड्यालाही सोडत नाहीत. वाट्यांत चमचाभर तेल टाका, नाहीतर डासांची शेती होईल.

झाडांत पहिली जास्वंद. ही जात पानं-फुलं खाते आणि जास्वंदीवर तर हमखास तुटून पडते, तेव्हा देवाला फुलं उरतील असं धरून चालू नका. जोडीला मनीप्लांट आणि शेफ्लेरा. कण्हेर, रुई, डिफेनबाखिया या विषारी झाडांना दारातसुद्धा उभं करू नका. नर्सरीतून झाड आणलं की पानं धुवा, माती बदला आणि महिनाभर वेगळं ठेवा. फवारणी आणि खताचे दाणे कुठं दडलेले असतील सांगता येत नाही. मधला एक तृतीयांश भाग इतका दाट करा की सकाळी चहाचा कप घेऊन पिंजऱ्यासमोर उभं राहिलात तर पिल्लू शोधावं लागेल. मुलगा कुरकुरेल, ‘दिसतच नाही मग काय उपयोग?’ म्हणेल. होय की, पण लपायला जागा आहे हे कळल्यावरच ते बाहेर येऊन बसायला लागतं. पिल्लू लहान आहे तोवर खाणं एका ठरलेल्या जागी, टांगलेल्या पेल्यात द्या, म्हणजे एवढ्या रानात ते उपाशी राहणार नाही.

फांद्या पेरूच्या. घट्ट असतात आणि साल गुळगुळीत. त्याचा पाय चिमट्यासारखा असतो. पुढच्या पायाची तीन बोटं आत आणि दोन बाहेर, मागच्याची उलट. त्यामुळं पकडीत मावेल अशी जाडी हवी, आणि बारीक-जाड दोन्ही हव्यात. उभ्यापेक्षा आडव्या फांद्या जास्त लावा. त्याच त्याच्या वाटा.

दिव्यावर पैसे वाचवू नका. यूव्हीबी (अतिनील) किरण देणारी, सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची टी-५ नळी लागते. साध्या एलईडीत ते किरण नसतात आणि खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हातही जवळपास नसतातच. ते नाही मिळाले तर कॅल्शियम असून अंगी लागत नाही, हाडं मऊ पडतात. आपल्या पोरांना मुडदूस होतो तेच. सहा टक्के यूव्हीबीची नळी जाळीच्या वर ठेवा आणि उन्हं खायची फांदी तिच्याखाली नऊ-दहा इंचांवर. दिसायला पेटत असली तरी नळी वर्षाला बदला. उष्णतेचा पिवळा बल्बही जाळीच्या बाहेर, वर अंतर सोडून टांगा, नाहीतर जाळीला लटकून डोक्यावरचा तुरा भाजून घेईल. फांदीवर 29-30 अंश पुरे. एप्रिल-मेमध्ये निपाणीचा पारा 35च्या पुढं गेला की बल्ब बंदच.

पाणी वाटीतून पीत नाही, पानावरचे थेंब चाटतो. मेडिकलमधून नवा सलाईनचा सेट आणा, बाटली वर टांगा आणि चाकानं थेंब जुळवा. ठिबक सिंचनच की! हिवाळा-उन्हाळ्यात रात्री उशिरा आणि उजाडायच्या आधी फवारा. पावसाळ्यात फवारा बंद, फक्त थेंब.

एक राहिलं, आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं. पिल्लाच्या मागच्या पायाची टाच बघा. तिथं बारीक टेंगूळ असेल तर नर. नसेल तर मादी, आणि मग पिंजऱ्यात फूटभर खोल ओल्या वाळूची बादली आत्ताच ठेवा. नर नसला तरी ती अंडी धरते. उकरायला जागा मिळाली नाही तर अंडी आत अडकून जीव जातो.

खाण्याचं थोडक्यात : पाळलेले रातकिडे, रेशमाचे किडे, वरून कॅल्शियमची भुकटी. रानातले नाकतोडे नकोत. तुमच्याकडच्या तंबाखूवर आणि उसावर काय काय मारतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

प्रश्न : कॅमेलिऑन ज्या पानावर बसतो त्या रंगाचा होतो का? – एक विद्यार्थी, चिकोडी

उत्तर : नाही रे. रंग मुख्यतः मनःस्थितीचा आणि उष्णतेचा. गारठला की गडद होतो, ऊन शोषायला. त्वचेत ग्वानिन नावाच्या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. त्यांच्यातलं अंतर कमी-जास्त झालं की परतणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो. जिनिव्हाच्या शास्त्रज्ञांनी 2015 साली हे मादागास्करच्या पँथर कॅमेलिऑनवर दाखवलं.

प्रश्न : खानापूरला आमच्या कुंपणावर घोयरा सापडला. शेजारचे कन्नड गृहस्थ ‘गोसुंबे’ म्हणतात, विषारी आहे म्हणतात. मारण्यापेक्षा तुमच्यासारखा पिंजरा करून पाळू का? – एक शेतकरी

उत्तर : विषारी मुळीच नाही. पण पिंजरा नको, मामा. हा आपला रानातला घोयरा म्हणजे आपल्याकडचा कॅमेलिऑनच, आणि 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला पकडणं, पाळणं गुन्हा आहे. वरच्या ताईंचं पिल्लू परदेशी आणि नोंदवलेलं आहे, ती गोष्ट वेगळी. शिवाय तुमचं कुंपण म्हणजे मी वर एवढं रामायण लावून जे बांधायला सांगितलं तेच आहे, फुकटात. रस्त्यावर उतरलेला दिसला तर हातानं ओढू नका. पुढं काठी धरा, तो स्वतःच चढेल. ज्या बाजूला निघाला होता त्याच बाजूच्या झुडपावर सोडा. आणि तेवढी कुंपणावरची फवारणी बंद करा.