स्वीकार म्हणजे कबुली नाही

प्रश्न: नमस्कार ताई, मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते, वय ३६. मागच्या वर्षी बाबा हार्ट अटॅकने गेले. त्या रात्री छातीत जळजळ होतेय म्हणाले, मी म्हटलं अ‍ॅसिडिटी असेल, सकाळी दाखवू. सकाळी ते नव्हतेच. तेव्हापासून रोज रात्री डोक्यात एकच, मी उशीर केला. जप केला, मोबाईल बघत बसले, कामात बुडवून घेतलं, तरी जात नाही. रविवारी आम्ही दोघं सोमेश्वरला जायचो म्हणून गंगापूर रोडच टाळते, वळसा घालून जाते. आई बाबांचा विषय काढते म्हणून तिचा फोनही उचलवत नाही. आता काउन्सेलर म्हणतात 'अ‍ॅक्ट' (अ‍ॅक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी) पद्धतीने काम करू, विचाराचा स्वीकार करायचा. म्हणजे चूक माझीच होती हे मान्य करायचं का? ते मला नाही जमणार.

उत्तर: नाही हो, ते मान्य करायचं नाहीये. आपल्याकडे स्वीकार म्हटलं की गुन्हा कबूल केल्यासारखंच वाटतं, त्यामुळे तुमची भीती मला अगदी समजते. इथे स्वीकारायचं काय, तर हा विचार आत्ता माझ्या मनात आलाय आणि छातीत दाटून आलंय, एवढंच. विचार खरा की खोटा याचा निकाल लावायचाच नाही. अटॅक आणि अ‍ॅसिडिटीमध्ये भल्याभल्यांची फसगत होते हे तुम्हाला आत्तापर्यंत कितीतरी जणांनी सांगितलं असेल, आणि ते खरंच आहे, पण त्याने एकही रात्र शांत गेली नाही ना?

विचार हाकलून का जात नाही, तर हाकलताना तो गेला का हे बघायला मन पुन्हा त्याच्याकडेच जातं. १९८७ साली डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने प्रयोग केला होता, लोकांना सांगितलं पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. आणि नंतर मुद्दाम अस्वलाचा विचार करा म्हटल्यावर, आधी ज्यांनी तो दाबला होता त्यांनाच तो जास्त आला.

अ‍ॅक्ट थेरपी अमेरिकेत १९८० च्या दशकात स्टीव्हन हेज यांनी उभी केली, त्यांना स्वतःलाच पॅनिक अटॅक यायचे. त्यातलं एक उदाहरण मला फार आवडतं, ते आपल्या भाषेत सांगते. तुम्ही बस चालवताय, निमाणीहून नाशिकरोडला निघालाय आणि मागे एक पॅसेंजर सारखा ओरडतोय, तू उशीर केलास, तू उशीर केलास. त्याला उतरवायला गाडी थांबवली की भांडण सुरू, बस जागेवरच. तो गप्प बसावा म्हणून तो सांगेल तिकडे वळवली की रूट त्याचा झाला. तुमचा गंगापूर रोड असाच सुटलाय, आईचा फोनही तसाच. तो ओरडत असतानाही स्टिअरिंग तुमच्या हातात राहू शकतं, त्याचं ओरडणं थांबायची वाट बघावी लागत नाही.

रात्री एक करून बघा. 'मी उशीर केला' आलं की मनात वाक्य पूर्ण करा, 'मी उशीर केला, असा विचार मला आत्ता आलाय'. सुरुवातीला अगदी खोटं खोटं वाटेल, वाटू दे. मग शरीरात कुठे जाणवतंय बघा, घसा, छाती, पोट, आणि दोनचार श्वास तिथेच थांबा, घालवायला नाही, नुसतं असू द्यायला. रडू आलं तर येऊ द्या. फक्त याला विचार घालवायची नवी युक्ती करू नका, तसं केलंत की पुन्हा अस्वल. काही रात्री काहीच फरक पडणार नाही आणि त्याचा अर्थ तुमचं चुकलं असा नाही.

याच्या पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो आणि लोक नेमका तोच सोडून देतात. हे एवढं दुखतं कारण बाबा तुम्हाला तेवढे प्रिय होते, दुखणं आणि माया एकाच जागी आहेत, त्यामुळे एकाला टाळताना दुसरीही सुटते. बाबांची लेक म्हणून तुम्हाला आता कसं जगायचंय, हे स्वतःला विचारा आणि त्यातलं अगदी छोटं काहीतरी करा. आईला फोन, दहा मिनिटं. ती बाबांबद्दल बोलेल, तुमच्या पोटात खड्डा पडेल, पडू दे, फोन ठेवू नका. कदाचित तीही त्या रात्रीचं काहीतरी एकटीच घेऊन बसली असेल. सोमेश्वरचं नंतर बघू, घाई नाही.

जगणंच नको असा विचार डोकावत असेल तर मात्र थांबायचं नाही, १४४१६ वर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, आणि काउन्सेलरनाही लगेच सांगा. आणि पुढच्या सेशनला त्यांना तो वळसा घालून जायचा भाग नीट सांगा, पत्रात तुम्ही एका ओळीत उरकलाय, पण काम तिथूनच सुरू करता येईल.