समोर दिसणारा खलनायक मोठा की पडद्यामागचा मास्टरमाइंड?

प्रश्न असा आहे की कथा-कादंबरी-सिनेमात खरा खलनायक कोणाला म्हणायचं, जो पहिल्यापासून डोळ्यासमोर असतो आणि ज्याच्यामुळे गोष्ट पुढे सरकते तो, की शेवटी ज्याच्यावरचा पडदा उघडतो आणि कळतं की अरे हा सगळा खेळ तर ह्याचा होता, तो?

माझं मत आधीच सांगून टाकते, समोरचा. मास्टरमाइंड लोक बऱ्याचदा आयत्या वेळी येऊन फुकटचा भाव खाऊन जातात. का म्हणते ते सांगते, थोडं लांबेल.

शकुनीपासूनच सुरू करू, कारण हा विषय निघाला की पहिलं नाव त्याचंच येतं. आणि नावासोबत ती गोष्ट पण येते, गांधारच्या राजघराण्याला कैदेत उपाशी मारलं, मग शकुनीने बापाच्या हाडांचे फासे केले आणि कुरुकुळाचा सत्यानाश करायचा पण केला वगैरे. गोष्ट जबरदस्त आहे, फक्त व्यासांच्या महाभारतात ती नाही, नंतरच्या लोककथांमधली आहे. मला गंमत ह्याची वाटते की लोकांना ती रचावी का लागली असेल? माझा अंदाज असा की मूळ ग्रंथात शकुनीकडे एवढं मोठं कारणच नाहीये, आणि कारण नसलेला मास्टरमाइंड आपल्याला पचत नाही.

सभापर्वात काय आहे ते बघा. राजसूय यज्ञ आटपून दुर्योधन परत निघालाय, मयसभेत जमीन समजून पाण्यात पडलाय, भीमासकट सगळे हसलेत, पांडवांचं वैभव बघून त्याचा जीव नुसता जळतोय आणि तो मामाला सांगतो की मी आगीत उडी घेईन, विष घेईन, पाण्यात बुडून जीव देईन पण हे मला सहन होत नाही. त्यावर शकुनी काय म्हणतो, तर लढाईत ते हरायचे नाहीत, पण युधिष्ठिराला द्यूताची आवड आहे आणि खेळता काही येत नाही, त्याला बोलव, मी खेळतो. झालं. म्हणजे आग आधीपासून दुर्योधनाची होती, मामाने फक्त वाट दाखवली. उद्या शकुनीला कथेतून काढलात तर दुर्योधन दुसरी कुठली तरी वाट शोधेल, लाक्षागृह काय आणि भीमाला विष घालणं काय, त्याचे उद्योग आधीपासून चालूच होते. पण दुर्योधनाला काढा, मग शकुनी फासे हातात घेऊन बसणार कोणासाठी?

आणि लपलेला तरी कुठे आहे तो? भर सभेत बसून फासे टाकतोय. पणाला धन माझं, फासे मामा टाकतील असं दुर्योधन उघड उघड सांगतो, युधिष्ठिर म्हणतो पण की एकाच्या वतीने दुसऱ्याने खेळणं बरोबर नाही, आणि तरी खेळायला बसतो. त्या सभेत खरंच पडद्यामागचा कोणी असेल तर तो सिंहासनावरचा धृतराष्ट्र. द्रौपदी पणाला लागते तेव्हा तो राहून राहून विचारतोय, जिंकलं का, जिंकलं का, आणि त्याला चेहऱ्यावरचा आनंद लपवता येत नाहीये. त्याने ना फासा टाकला ना कट शिजवला, त्याच्या एका शब्दाने सगळं थांबलं असतं तो शब्द फक्त उच्चारला नाही. मला तर शकुनीपेक्षा ह्या माणसाचा जास्त राग येतो.

आता मरणाचा क्रम बघा, माझा मुख्य पुरावा हा आहे. अठराव्या दिवशी सहदेव शकुनीला मारतो. आणि युद्ध संपतं का? नाही. दुर्योधन जाऊन डोहात लपतो, त्याला हुडकून बाहेर काढतात, भीमाबरोबर गदायुद्ध होतं, मांडी फुटते, तेव्हा कुठे पांडव जिंकले म्हणायचं. ज्याला आपण मास्टरमाइंड म्हणतो तो मेला तर कथा एक श्वास घेऊन पुढे चालू लागली. म्हणून मी नेहमी हेच बघते, की कोण पडल्यावर गोष्ट संपते.

मोरियार्टीचं तर अजून मजेशीर आहे. शेरलॉक होम्सचा कट्टर वैरी म्हणून तो जगभर माहीत आहे, पण तो आला १८९३ च्या एका गोष्टीत आणि आला तेच मुळात होम्सला मारण्यासाठी, कारण लेखक कॉनन डॉयल होम्सला कंटाळला होता आणि एवढ्या मोठ्या डिटेक्टिव्हला मारायला तेवढ्याच तोलाचा कोणीतरी हवा होता. त्या गोष्टीत वॉटसनची, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या होम्सच्या मित्राची, आणि मोरियार्टीची समोरासमोर भेटच होत नाही, तो जाळ्यात बसलेल्या कोळ्यासारखा आहे वगैरे जे काही आपल्याला कळतं ते होम्सच्या तोंडून. आधी वॉटसन म्हणतो की हे नाव मी कधी ऐकलंच नाही, आणि वीसेक वर्षांनी डॉयलने ह्या गोष्टीच्या आधीच्या काळात घडणारी एक कादंबरी लिहिली तर तिच्यात वॉटसनला मोरियार्टी चांगला ठाऊक! मागाहून चिकटवलेल्या मास्टरमाइंडचं हे असं होतं, एक टाका घातला की दुसरीकडे उसवतं.

बाँडच्या सिनेमांमध्ये पण तेच केलं. २०१२ च्या स्कायफॉलमधला सिल्वा मला आवडतो कारण त्याचं दुखणं त्याचं स्वतःचं आहे, बॉसने त्याला शत्रूच्या हातात सोडून दिलं आणि त्याचा सूड त्याला घ्यायचाय. मग २०१५ च्या स्पेक्टरमध्ये ब्लोफेल्ड येऊन म्हणतो की सिल्वासकट आधीच्या सगळ्या खलनायकांच्या मागे मीच होतो. अरे कशाला? त्याने ब्लोफेल्ड मोठा झाला नाही, सिल्वा मात्र छोटा झाला.

दुसऱ्यांना नावं ठेवतेय पण हा शहाणपणा मला स्वतः तोंडावर आपटल्यावर आलाय. मी एक गोष्ट लिहीत होते, नऊ भागांची, एका जुन्या इमारतीतल्या भाडेकरूंना हुसकावून लावणाऱ्या गुंडाची. त्याची एक सवय मी लिहिली होती, तो रात्री जिना चढताना प्रत्येक मजल्यावरचा बल्ब काढायचा, रुमालात नीट गुंडाळायचा आणि खिशात ठेवायचा. फोडायचा नाही. ते नीट गुंडाळणंच भीतिदायक होतं. मग नवव्या भागात मी मोठ्या ऐटीत दाखवलं की ह्या सगळ्याच्या मागे भाडेकरूंना फुकट सल्ला देणारे ते प्रेमळ म्हातारे वकील होते, आणि हुशारीच्या भरात हेही लिहिलं की बल्ब काढायची आयडिया पण वकिलांचीच. माझ्या भावाने वाचलं आणि एवढंच म्हणाला, "मग आठ भाग आम्ही घाबरलो ते कोणाला गं? नोकराला?"

वाईट वाटलं पण त्याचं बरोबर होतं. सगळ्या वाईटपणाची मालकी मी एका फटक्यात वकिलांच्या नावावर करून टाकली होती, त्यामुळे गुंड झाला कळसूत्री बाहुली, आणि वकिलांना तर वाचकाने घाबरण्यासारखं काही करताना बघितलेलंच नव्हतं. दोन्हीकडून गेलं.

ह्याचा अर्थ मास्टरमाइंड नकोच असं नाही हां. ऑथेल्लोमधला इयागो बघा, देवलांनी मराठीत झुंझारराव म्हणून आणलेलं नाटक तेच. इयागोने ऑथेल्लोच्या बायकोला, डेस्डेमोनाला, हातही लावला नाही, एक हातरुमाल इकडचा तिकडे केला आणि कान भरले, खून ऑथेल्लोने केला. आता हा पक्का मास्टरमाइंड, आणि तरी नाटक त्याच्याशिवाय एक पाऊल हलत नाही. कारण तो आपल्यापासून लपलेलाच नाहीये! पहिल्या अंकापासून तो आपल्याला सांगतोय की मी काय करणार आहे, लपलाय तो फक्त ऑथेल्लोपासून. आपल्या मुद्राराक्षस ह्या संस्कृत नाटकात हेच उलट्या बाजूने आहे, तिथे सूत्रं हलवणारा चाणक्य, पण तो खलनायक नाही, आणि राक्षसाची, म्हणजे नंदांच्या अमात्याची, अंगठी त्याच्या हातात पडते ती पहिल्याच अंकात, प्रेक्षकांदेखत. पुढे सहा अंक आपण ती अंगठी कोणाकोणाला कशी फिरवते ते बघत बसतो आणि कंटाळा येत नाही.

मंथरा शकुनी आणि इयागो ह्या दोघांच्या मधली म्हणता येईल. तिने रामाच्या अभिषेकाची बातमी दिल्यावर कैकेयी आधी खूश होऊन तिला दागिना देते, वाल्मीकींनी हे लिहिलंय. म्हणजे इथे आग आधी नव्हती, ती मंथरेने लावली, त्यामुळे मंथरेचं वजन शकुनीपेक्षा मला जास्त वाटतं. पण वर मागायला तोंड उघडलं ते कैकेयीनेच, आणि पुढे मंथरा येते ती शत्रुघ्न तिला फरफटवतो आणि भरत सोडायला लावतो तेवढ्यापुरती, मग तिचं कोणी नाव घेत नाही. कैकेयीला मात्र पोटचा पोरगा तोंडावर बोलतो.

तर लिहिणाऱ्याने विचारलं असेल तर मी म्हणेन, मास्टरमाइंड ठेवा पण समोरच्याची भूक त्याच्याकडेच राहू द्या. आणि मास्टरमाइंडला अंधारात बसवू नका, पहिल्यापासून लख्ख उजेडात बसवा, फक्त वाचकाने त्याला दुसरंच काहीतरी समजलं पाहिजे. नववा भाग मी परत लिहिला. गुंडाचं लहानपण आता त्याच इमारतीत गेलंय, त्याच्या बापाचं सामान ह्याच भाडेकरूंनी एका रात्री जिन्यात आणून टाकलं होतं, अंधारात. वकील पहिल्याच भागात दिसतात, चष्मा पुसत. आणि शेवटी दोघं समोरासमोर येतात, गुंड खिशातून रुमाल काढून टेबलावर उघडतो, तेव्हा ते जरा मागे सरकून म्हणतात, "बल्बचं मी नव्हतं सांगितलं तुला."