पहिली साखळी बीटा-मॅनोजची घेऊ नकोस

कॅन्डिडा या रोगकारक बुरशीविरुद्धच्या लसीसाठी मॅनोज या साखरेची साखळी प्रयोगशाळेत बांधायची तुझी इच्छा चांगलीच आहे, पण सुरुवातीलाच तिथे हात घालू नकोस. आधी बीटा-ग्लुकानचे, म्हणजे ग्लुकोजच्या साखळीचे, छोटे तुकडे बांधून हात बसू दे. दोन साखरांमधला बंध अल्फा किंवा बीटा अशा दोन दिशांनी होऊ शकतो. ग्लुकोजच्या दुसऱ्या कार्बनवर बेंझॉइल हा संरक्षक गट ठेवलास की बीटा बंध बहुधा सरळ मिळतो. मॅनोजमध्ये हीच युक्ती अल्फा बंध देते. बीटासाठी वेगळी वाट धरावी लागते आणि तिथे तापमान जरा वर गेलं तरी दोन्ही बंधांचं मिश्रण हाती येतं.

मॅनोजचा बंध कुठला, हे एनएमआरमध्ये एच-१ आणि एच-२ (पहिल्या आणि दुसऱ्या कार्बनवरचे हायड्रोजन) यांच्या कपलिंगवरून, म्हणजे त्यांच्या संकेतांच्या फाटण्यावरून, ठरवू नकोस, दोन्हींत ते लहानच असतं. पहिला कार्बन आणि त्यावरचा हायड्रोजन यांच्यातलं कपलिंग मोज: १६० हर्ट्झच्या आसपास असेल तर बीटा, १७० च्या आसपास असेल तर अल्फा. आणि हे प्रत्येक जोडणीनंतर कर. चार साखरा जोडून झाल्यावर कळलेला चुकीचा बंध दुरुस्त करता येत नाही, सगळं पुन्हा करावं लागतं.

अभिक्रियेतलं पाणी शोषणारे मॉलिक्युलर सीव्ह नीट तापवून घे, हे वेगळं सांगायला नको.

लिंकरचा, म्हणजे शर्करा प्रथिनाला जोडणाऱ्या दुव्याचा, विचार मात्र पहिल्या दिवशीच कर. नुसती शर्करा तान्ह्या बाळांत टिकाऊ प्रतिकारशक्ती निर्माण करत नाही, ती प्रथिनाला जोडावीच लागते. २००४ साली जगासमोर आलेली क्युबाची हिब (मेंदूज्वर करणारा एक जिवाणू) लस अशीच, संश्लेषित शर्करा प्रथिनाला जोडून केलेली आहे. तिच्यावरचा शोधनिबंध जरूर वाच. लिंकरच्या टोकाला अझाइड (नायट्रोजनचा गट) ठेवलास तर शेवटच्या हायड्रोजनेशनमध्ये साखरेवरचे संरक्षक बेंझिल गट निघतात आणि अझाइडचं प्रथिनाला जोडता येणारं अमाइनही होतं.